यंदाच्या नाताळ कार्डाची गोष्ट

गेली सहा वर्षं आम्ही नाताळचं कार्ड घरीच करतो. सुरुवात काटकसरीतून झाली, हे आधी कबूल करतो. धर्मग्रामातल्या आजारी आणि घराबाहेर न पडणाऱ्या मंडळींना भेटायला जायचं काम आम्हा दोघांकडे आहे. डिसेंबरात त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाववत नाही. कुलकुल सगळ्यांना चावत नाहीत, नेवऱ्या मधुमेहवाल्यांना चालत नाहीत. दुकानातलं कार्ड घ्यावं तर त्यावर बर्फ, लाल टोपीवाला म्हातारा आणि इंग्रजी मजकूर. बेळगावात थंडी पडते, पण बर्फ काही पडत नाही.

मोबाईलवर शुभेच्छा सगळेच पाठवतात. पण घरी छापलेलं कार्ड औषधांच्या बाटल्यांशेजारी उभं राहतं ते थेट पावसाळ्यापर्यंत. एका घरी तर आमची आजवरची सगळी कार्डं आरशाच्या चौकटीत ओळीने खोचलेली आहेत. त्या आरशात तोंड दिसायला आता फारशी जागा उरलेली नाही.

दरवर्षी एक विषय ठरवायचा, मुलांना उभं करायचं, फोटो काढायचा, ही आमची पद्धत. पहिल्या वर्षी देवदूत झाले, चादरीचे पंख लावून. दुसऱ्या वर्षी पूर्वेकडचे ज्ञानी लोक. सोनं, ऊद आणि गंधरस म्हणून त्यांच्या हातात कुंद्याचा डबा, उदबत्तीचं घर आणि खोकल्याच्या औषधाची बाटली होती. मग मेंढपाळ. घोंगडी खरी होती, मेंढरू मात्र शेजाऱ्यांचं पांढरं कुत्रं. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका आजोबांनी भिंग लावून पाहिलं आणि सगळ्या रविवारच्या मंडळींना सांगितलं.

कार्डाची ही प्रथा तशी फार जुनी नाही. छापील नाताळ कार्ड पहिल्यांदा विक्रीला आलं ते लंडनमध्ये, १८४३ साली. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना नाताळच्या पत्रांना उत्तरं लिहायला वेळ मिळेना, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ले या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि हजारेक प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग. मधोमध एक भरलं घर जेवायला बसलंय, पेले उंचावलेत. एका लहान मुलीच्या तोंडाला पेला लावलाय म्हणून तेव्हा दारूबंदीवाले चिडले होते. पण त्या चित्राच्या दोन्ही बाजूंना दोन अरुंद पट्ट्या आहेत. एकीत भुकेल्याला अन्न देताहेत, दुसरीत उघड्याला वस्त्र. मधलं जेवण आणि कडेचे ते लोक एकाच कार्डावर आहेत, मध्ये नुसती वेलीची रेघ. आम्ही हे चित्र बऱ्याच वर्षांपूर्वी पाहिलं होतं. यंदा ते पुन्हा पुन्हा आठवलं. का, ते पुढे येईल.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी फादरांनी मेक्सिकोतल्या पोसादा या रिवाजाबद्दल सांगितलं. १६ ते २४ डिसेंबर, नऊ रात्री, लोक योसेफ आणि मरियेला घेऊन दारोदार जातात, गाण्यातून जागा मागतात. आतले गाण्यातूनच नाही म्हणतात. शेवटी एक दार उघडतं आणि सगळे आत जातात, खातात-पितात. घरी येताना रिक्षातच विषय ठरला. उतारशाळेचं दार. आजवर आम्ही गोठा केला, मेंढपाळ केले, पण दार कुणी केलं नव्हतं. शिवाय दार आमच्याकडे आयतंच होतं.

आमचं घर जुनं आहे, कौलारू, जाड भिंतींचं. पुढचं दार सागवानी, कडी लोखंडी, उंबरा झिजून मधोमध खोलगट झालेला. दाराच्या बाजूनेच माडीवर जाणारा जिना. माडीवर एक खोली आहे, न्हाणीघरासकट. जूनमध्ये तिथला विद्यार्थी शिक्षण संपवून गेला, तेव्हापासून ती रिकामी आहे.

कपड्यांचा प्रश्न आम्ही फार पूर्वीच सोडवला. मरियेला निळा झगा आणि डोक्यावर पांढरा टॉवेल हा प्रकार आम्हाला पहिल्यापासून पटत नाही. गोव्याच्या सांतो इस्तेव्ह बेटावर १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि त्यांनी मरियेला साडीत रंगवलं. त्या वेळी त्यावरून त्यांना खूप बोलणी खावी लागली. त्यांच्या चित्रातली मरिया पाहिली की आपल्या गल्लीतली कुणी पाण्याला निघाल्यासारखी वाटते. तेव्हा आमच्या मरियेला आजीची जुनी इरकल, लाल पदराची, आणि खणाचा ब्लाऊज. पोटाला उशी. योसेफाला धोतर आणि डोक्याला पंचा. गाढवाची पंचाईत होती. धाकट्याने हट्ट धरला, पण लूकने सांगितलेल्या जन्मकथेत गाढवाचं नावही नाही हे दाखवल्यावर तो आपली सायकल लावायला तयार झाला. सायकलच्या मागे पत्र्याची ट्रंक बांधली. ही आमची यंदाची खास कल्पना होती आणि आम्हाला तिचा जरा अभिमानही होता.

फोटो काढायला सहाची वेळ धरली. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं राहतं आणि त्यात कंदिलाचा पिवळा प्रकाश उठून दिसतो. त्याआधी काढलं तर कंदील विझल्यासारखा दिसतो, नंतर काढलं तर बाकी सगळं काळं. फ्लॅश अजिबात लावायचा नाही. मोबाईलचा रात्रीचा मोड चांगला आहे, पण दोन-तीन सेकंद कुणी हलता कामा नये, आणि मोबाईलही हलता कामा नये. आमचा ट्रायपॉड म्हणजे एक स्टूल, त्यावर दोन विटा, त्यावर बिस्किटाचा डबा. थोरली चौदा वर्षांची, ती मरिया. धाकटा अकराचा, तो योसेफ, आणि तिच्या खांद्याला लागतो, म्हणून त्याला विटेवर उभा केला. वीट धोतरात लपवली. आमच्यापैकी एकजण दारात उतारशाळेचा मालक, एकजण मोबाईलमागे.

पहिले पंधरा फोटो वायाच गेले. योसेफ विटेवरून दोनदा घसरला. एका फोटोत त्याला दोन डोकी आली. मरियेची उशी खाली सरकत होती. रस्त्यावरून एक बाई थांबून विचारून गेल्या, डोहाळजेवण आहे का म्हणून. आकाश काळं व्हायला लागलं तशी आमची चिडचिड वाढली. मुख्य अडचण मालकाच्या तोंडाची होती. एक तर तो हसत होता, नाहीतर नाटकातल्या खलनायकासारखे डोळे वटारत होता.

"नुसतं उभं राहू नका, काहीतरी बोला," धाकटा म्हणाला. "मालक काय म्हणतो?"

आम्ही सांगितलं, की मालक काय म्हणाला ते शास्त्रात लिहिलेलं नाही. खरं तर मालकच नाही. लूकने एवढंच सांगितलंय की तिथे त्यांना जागा नव्हती. दारातला माणूस नंतर आपण नाटकांतून घातला.

थोरली म्हणाली, "मग आपण म्हटलं होतं ना परवा, तेच म्हणा की. अहो, खोली कालच दिली. पाटी काढायची राहिलीय."

ती टोचून बोलली नव्हती. तिला संवाद हवा होता, तिने आठवेल तो दिला. दारातला माणूस तिच्याकडे नुसता बघत राहिला. मोबाईलमागच्या माणसाचं बोट त्याच क्षणी बटणावर पडलं, कसं ते कळलं नाही. धाकटा म्हणाला, आता बरोबर तोंड केलं.

आता परवाचं सांगतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी एक जोडपं मोटरसायकलवरून आलं होतं. मुलगा उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर कामाला. पाटी पाहून थांबलो म्हणाला. बोलायला नम्र, काका-मावशी करून. मुलगी गाडीवरून सावकाश उतरली आणि आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. सातवा महिना तरी असावा.

त्यानंतर काय झालं ते लिहायला जड जातं. कारण काहीच झालं नाही. वाद नाही, भांडण नाही. आमच्यापैकी एकाने ते वाक्य म्हटलं. कुणी, ते इथे सांगत नाही, कारण दुसऱ्याने त्याला अडवलं नाही, उलट बरं झालं असंच वाटलं. मनात सगळा हिशेब क्षणात झाला होता. बाळंतपण, रात्री-अपरात्री धावपळ, तिच्या माहेरची माणसं, सासरची माणसं, रोज न येणारं नळाचं पाणी, माडीवर वाळत घातलेली दुपटी. जिना उंच आहे, उद्या पडली-बिडली तर जबाबदारी कुणाची? हे सगळं अगदी शहाणपणाचं वाटत होतं. मुलाने जिन्याच्या खांबाला लावलेल्या पाटीकडे एकदा बघितलं, आमच्याकडे एकदा, आणि "बरं" म्हणाला. मुलीने पाणी मागितलं. आम्ही तांब्याभर दिलं, वर गुळाचा खडाही दिला. ते गेल्यावर आम्ही एकमेकांना म्हणालो, निदान पाणी तरी दिलं. थोरली तेव्हा ओट्यावर अभ्यास करत होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर फोटो पाहायला बसलो. एकूण ४३ निघाले. त्यातला एकच खरा होता, तो तोंड बरोबर केलेला. निळं आकाश, कंदील, इरकलीचा पदर, सायकलवरची ट्रंक, विटेवरचा योसेफ मान वर करून मालकाकडे बघतोय. आणि मरियेच्या डोक्याच्या अगदी मागे, जिन्याच्या खांबावर, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत, वर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये: खोली भाड्याने देणे आहे. कंदिलाचा उजेड नेमका तिच्यावर पडला होता.

आम्ही दोन तास अंगणात उभे होतो. ट्रंक कशी बांधायची, पदर कुठून घ्यायचा, सगळं पाहिलं. पाटी रोजची असल्याने दिसलीच नव्हती.

धाकटा म्हणाला, पुसून टाकतो, अर्धा मिनिट लागेल. आणि खरंच, बोटाने गोल केला की मोबाईल तेवढा भाग खाऊन टाकतो आणि तिथे खांबासारखा खांब भरतो. त्याने करूनही दाखवलं. फोटो फारच छान दिसायला लागला. आम्ही दोघं गप्प होतो. थोरली म्हणाली, "पहिला ठेव, तो डिलीट करू नकोस."

झोप आली नाही. बायबल वर्गात दोन वर्षांपूर्वी ऐकलेलं एक आठवत होतं. आपल्याकडे ज्याला उतारशाळा म्हटलंय त्या जागी लूकने वापरलेला मूळ ग्रीक शब्द कटालुमा आहे. तोच शब्द लूक पुन्हा वापरतो तो शेवटच्या भोजनाच्या वेळी, शिष्य ज्या खोलीबद्दल घरमालकाला विचारतात तिथे, आणि ती खोली माडीवरची असते. चांगल्या शमरोनी माणसाच्या गोष्टीतली खाणावळीसारखी उतारशाळा मात्र तो वेगळ्याच शब्दाने सांगतो. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की बेथलेहेमात जागा नव्हती ती धर्मशाळेत नव्हे, कुणाच्या तरी घरातल्या पाहुण्यांच्या खोलीत. वर्गात हे ऐकलं तेव्हा आम्हाला माहिती म्हणून आवडलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं.

मुलाचा नंबर मोबाईलमध्ये होता, "खोली उद्यमबाग" या नावाने. दुसऱ्या दिवशी दुपारी लावला. जेवणाची सुट्टी असेल असा अंदाज होता, तो बरोबर निघाला. मागे यंत्रांचा आवाज येत होता. कोण बोलतंय ते सांगितलं. तो म्हणाला, "हां, बोला काका." मग आम्ही सांगितलं, की त्या दिवशी खोली दिलेली नव्हती. अजूनही रिकामी आहे. आम्ही खोटं बोललो.

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माहितीय. परवा त्या रस्त्याने गेलो तेव्हा पाटी दिसली."

आम्ही क्षमा मागितली. त्याने "असू दे" म्हणावं असं फार वाटत होतं. आपल्याकडे लोक म्हणतातच, मनात नसलं तरी. तो म्हणाला नाही. अनगोळला खोली मिळाली, एवढं सांगितलं. न्हाणीघर बाहेर आहे, पण ठीक आहे. आणि बायको आता गावी गेलीय, चंदगडकडे, माहेरी. "पहिलं बाळंतपण ना. ते तिकडेच करायचं ठरलं होतं आधीपासून."

म्हणजे आमच्या माडीवर बाळंतपण होणारच नव्हतं. रात्रीची धावपळ, माहेरची माणसं, जिन्यावरून पडणं, ज्यासाठी आम्ही एवढे शहाणे झालो होतो त्यातलं काहीही नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याच घरात तसंच झालं. एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. आणि ती माहेरी जाणार नसती तर? हा प्रश्न थोरलीने संध्याकाळी विचारला. त्यावर आमच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

फोन ठेवण्याआधी विचारलं, ती बाळाला घेऊन परत कधी येणार? मार्चमध्ये, म्हणाला. खोली तोवर तशीच ठेवतो, पाहिजे असेल तर या, असं आम्ही म्हटलं. भाडं विचारलंत तेवढंच, डिपॉझिट नको. तो म्हणाला, "तिकडे डिपॉझिट भरलंय. तेव्हाचं तेव्हा बघू." भोंगा झाला असावा. फोन बंद झाला.

पापनिवेदनाला गेलो ते वेगळं, ते इथे लिहायचं नाही.

कार्ड पाटीसकट छापलं. एकमत झालं असं नाही. आमच्यापैकी एकाचं म्हणणं होतं की हे आता दाखवण्यासाठी चाललंय, आधी पुण्याई मिरवायची आणि आता पाप मिरवायचं, त्यात फरक काय? हे म्हणणं अजूनही पूर्ण खोडता आलेलं नाही, आणि हे लिहितानाही ते टोचतंय. पण पाटी पुसलेला फोटो हातात घेऊन आजारी माणसाच्या उशाशी बसणं काही जमणार नव्हतं. पाटीवरचा फोन नंबर तेवढा झाकला. ४५ प्रती काढल्या, जाड कागदावर. आत नेहमीसारखं नाव, शुभेच्छा, बाकी काही नाही. छापणाऱ्याने विचारलं, मागची पाटी काढू का, फुकट काढून देतो. नको म्हटल्यावर त्याने जाहिरात समजून आमच्याकडे पाहिलं.

तसं समजणारा तो एकटाच नव्हता. कार्ड मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी निपाणीच्या एका नातेवाइकांचा फोन आला. कल्पना झकास आहे म्हणाले, नाताळचं कार्डही झालं आणि खोलीची जाहिरातही. त्यांच्या ओळखीचा एक मुलगा बेळगावात कॉलेजला येतोय, एकटाच आहे, शाकाहारी, आवाज नाही, काही नाही. भाडं किती? आमच्या तोंडावर तेच वाक्य आलं होतं, खोली दिली म्हणून. पण तेही खोटंच झालं असतं. मार्चपर्यंत कुणालाच देत नाही, असं सांगितलं. त्यांना ते काही कळलं नाही.

काल आरशाच्या चौकटीत कार्डं खोचणाऱ्या आजींकडे गेलो होतो. त्यांचं वय ८८ आहे. ऐकू कमी येतं, पण नजर शाबूत. कार्ड हातात घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. साडी ओळखली, इरकल ना, म्हणाल्या. सायकल पाहून हसल्या. मग नखाने मरियेच्या डोक्यामागे टकटक केलं.

"ही तुमच्याच घराची पाटी ना?"

हो म्हटलं.

"मग हिला का नाही दिली खोली?"

आम्ही त्यांना सगळं सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे स्वयंपाकघरात सुनेलाही ऐकू गेलं असणार. आजी मधेच एकदा "अगं आई" म्हणाल्या, बाकी काही बोलल्या नाहीत. सांगून झाल्यावर त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं, उलटं करून, आणि आमच्याकडे पाहिलं. मग सुनेला हाक मारली आणि आमच्यासाठी चहा टाकायला सांगितला. आरशात जागा नव्हती. पहिल्या वर्षीचे देवदूत काढून त्यांनी ते कार्ड तिथे खोचायला लावलं.

अजून अकरा घरं राहिलीत.